आधी पाणी विचारा, मग रस्सा करा

खान्देशाला मासळी नवी नाही. धुळे, अमळनेर, चोपड्याच्या आठवडे बाजारात सुकट, बोंबील, झिंगे पिढ्यान्‌पिढ्या विकले जातात. तापी-गिरणेची ताजी मासळीही घरोघर शिजते. आपल्याकडे नवं आहे ते समुद्राचं ताजं, कवचवालं खाणं. मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्यातून जातो, सुरतेकडून रस्ता आणि रेल्वे दोन्ही येतात, त्यामुळे बर्फातली कोळंबी आता इथल्या हॉटेलांत सहज मिळते. सुटीत कोकणात जाणारी कुटुंबं वाढली आहेत आणि येताना हौसेने तिसऱ्या, खेकडे घेऊन येणारेही वाढले आहेत.

मी मूळची धुळ्याची. आपल्या भागातले कितीतरी शिक्षक-शिक्षिका कोकणात नोकरीला असतात, तशीच मीही रत्नागिरी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं होते. खाडीकाठच्या गावात राहिले. शिंपल्या कशा निवडायच्या, कुठल्या टाकायच्या, हे तिथल्या बायकांनी मला शिकवलं. हे ज्ञान किती मोलाचं आहे ते मात्र माझ्या माहेरच्या माणसांवर प्रसंग आला तेव्हा कळलं. आता बदली होऊन मी घरी आले आहे आणि कोकणाला निघालेले लोक मला विचारतात, “ताई, तिकडून काय आणू?” त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

बादलीतल्या तिसऱ्या

मे महिन्यात माझा मामेभाऊ बायको-मुलांना घेऊन कोकण बघायला आला होता. परतीच्या वाटेवर एका खाडीच्या पुलाजवळ बाया तिसऱ्या विकत बसल्या होत्या. मामांना आवडतील म्हणून त्याने भरपूर घेतल्या. विकणारीने त्या ओल्या गोणपाटात बांधून दिल्या होत्या. पण गाडीत पाणी गळेल, वास येईल म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी त्याने त्या झाकणाच्या बादलीत ओतल्या आणि ताज्या राहाव्यात म्हणून वरून नळाचं पाणी भरलं. बादली डिकीत गेली. रात्रभरचा प्रवास झाला आणि नाशिक ओलांडेपर्यंत ऊन चढलं होतं.

देवपुरातल्या घरी झाकण उघडलं तेव्हा पाणी दुधाळ झालं होतं. बहुतेक शिंपल्या आ वासून पडल्या होत्या, आतला पिवळट पाय बाहेर लोंबत होता. वास होता, पण समुद्राच्या वस्तूला वास असायचाच, अशी घरच्यांची समजूत. “चांगल्या उकळून घ्या, उकळलं की सगळं मरतं,” असं ठरलं. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा झाला आणि उरलासुरला वास त्या मसाल्याने झाकून टाकला.

मध्यरात्रीपासून घरात उलट्या-जुलाब सुरू झाले. तरुण माणसं मीठ-साखरेच्या पाण्यावर सावरली. मामांना जुना मधुमेह होता. अंगातलं पाणी झपाट्याने गेलं, दवाखान्यात भरती करावं लागलं, सलाइन लागले, मूत्रपिंडांवर ताण आला. ते घरी आले, पण त्यांची पहिली उमेद परत आली नाही.

डॉक्टरांनी भावाला समजावलं ते असं: उकळल्याने जंतू मरतात, पण मेलेलं मांस कुजताना काही जंतूंनी त्यात सोडलेली विषं उकळूनही जात नाहीत. मी फोनवर सगळं ऐकलं आणि शेजारच्या काकींना सांगितलं. आयुष्यभर खाडीत उतरलेली ती बाई. तिने पहिला प्रश्न केला तो पाण्याचा. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात टाकला की तो कवच घट्ट मिटून घेतो. बंद बादलीतला प्राणवायू संपतो, उकाडा वाढतो आणि तो आतल्या आत मरतो. तीच शिंपली ओल्या गोणपाटात, सावलीत, गारव्याला ठेवली, तर कवचात धरलेल्या स्वतःच्या पाण्यावर एखादा दिवस तग धरते.

कोण कुठे राहतं

विहिरीचं पाणी तोंडाला लावण्याआधी आपण ती कुठल्या शिवारातली हे विचारतो. शिंपलीबाबतही तेच करायचं, कारण ती ज्या पाण्यात राहते तेच पाणी आपल्या पोटात आणते.

तिसऱ्या खाडीच्या मुखाशी वाळू-चिखलाच्या तळात, बोटभर खोल रुतून राहतात; गोडं आणि खारं पाणी मिसळतं तिथे. रत्नागिरीजवळ भाट्ये, काळबादेवी या खाड्या त्यासाठी ओळखल्या जातात. ओहोटीला बाया गुडघाभर पाण्यात वाकून हाताने, पायाने चाचपत त्या काढतात. कालवं खडकांना आणि कांदळवनाच्या मुळांना चिकटलेली असतात. ती जागेवरच फोडून आतला गर काढतात, म्हणून बाजारात ती बहुधा कवचाविना, पाण्यात ठेवलेली मिळतात. शिणाणे लाटा आपटतात त्या खडकांवर तंतूंनी स्वतःला बांधून घेतात. त्यांच्या कवचाला हिरवी झाक असते.

या तिन्ही जाती पाणी गाळून जगतात. एक मोठं कालव तासाला काही लिटर पाणी आपल्या कल्ल्यांतून काढतं आणि त्यातले सूक्ष्म कण अन्न म्हणून धरून ठेवतं. पाणी स्वच्छ असेल तर उत्तम. त्याच पाण्यात गावाचं सांडपाणी येत असेल, तर जंतू आणि विषाणूही तिथेच साठतात. म्हणून शहराच्या नाल्याच्या तोंडाशी, बंदराच्या धक्क्याला किंवा कारखान्याच्या खाली मिळणारी शिंपली कितीही टपोरी दिसली तरी घेऊ नये.

खेकडे आणि कोळंबी यांची तऱ्हा वेगळी. काळी चिंबोरी, जिला दक्षिण कोकणात कुर्ली म्हणतात, ती कांदळवनाच्या चिखलात बिळं करून राहते. कोळंबीची पिल्लं खाडीत वाढतात आणि मोठी होऊन समुद्रात जातात. शिवाय वनामी जातीची कोळंबी आता किनाऱ्यालगतच्या तळ्यांत मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. शेवंड खडकांच्या कपारींत लपतो. हे पाणी गाळून जगत नाहीत, म्हणून तो धोका यांच्यात कमी. पण मेल्यावर ते फार लवकर नासतात.

उकळून काय जातं, काय जात नाही

१९८८ साली चीनमधल्या शांघाय शहरात सुमारे तीन लाख लोकांना ‘अ’ प्रकारची कावीळ झाली. सांडपाण्याने दूषित झालेल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्या शहरात आल्या होत्या आणि तिथल्या पद्धतीप्रमाणे लोकांनी त्या गरम पाण्यातून नुसत्या काढून अर्ध्या कच्च्या खाल्ल्या होत्या. हा विषाणू नीट शिजवल्याने मरतो. शिंपलीच्या आतलं मांस ९० अंश सेल्सिअसला किमान दीड मिनिट राहिलं पाहिजे, असं तज्ज्ञ सांगतात. घरगुती हिशेब असा: कवच उघडलं म्हणजे शिजलं असं समजू नका, उघडल्यावरही पाचेक मिनिटं खळखळून उकळू द्या.

दुसरा धोका उकळूनही जात नाही. समुद्रात काही सूक्ष्म वनस्पती एकाएकी माजतात, कधी पाण्याचा रंगही बदलतो. त्यांतल्या काहींच्या अंगी विष असतं. शिंपल्या त्या खातात, त्यांना स्वतःला फारसं काही होत नाही, पण विष त्यांच्यात साठतं. १९९७ साली केरळात विळिंजम इथे शिणाण्यांच्या जातीच्या शिंपल्या खाऊन सात जण दगावले आणि पाचशेहून अधिक लोकांना रुग्णालयात जावं लागलं. असं विष चढलं की ओठ, जीभ, बोटांची टोकं मुंग्या आल्यासारखी बधिर होतात. मग हातपाय लुळे पडतात आणि श्वास अडतो. त्यावर उतारा नाही. वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. म्हणून किनाऱ्यावरचे लोक जेव्हा सांगतात की सध्या इथल्या शिंपल्या आम्ही खात नाही, तेव्हा वाद घालू नये. ते त्या पाण्याजवळ राहतात, आपण नाही.

घेताना, आणताना, शिजवताना

काकी मूठभर तिसऱ्या हातात घेऊन एकमेकींवर घासायच्या आणि आवाज ऐकायच्या. जिवंत शिंपली दगडासारखी टणक वाजते. पोकळ, बद्द आवाज आला की ती बाजूला, कारण ती मेलेली असते किंवा आत नुसता चिखल असतो. अशी एक चिखलाची शिंपली सगळं पातेलं नासवते. उघडी दिसली तर टिचकी मारायची. मिटली तर जिवंत, न मिटली तर टाकून द्यायची. शिजल्यावर जी उघडली नाही तीही खायची नाही.

आणायच्याच असतील तर ओल्या गोणपाटात किंवा ओल्या फडक्यात, हवा खेळेल अशा टोपलीत ठेवा. प्लास्टिकची पिशवी गच्च बांधू नका, गोडं पाणी घालू नका. खाली बर्फ ठेवला तर मध्ये जाड फडकं घाला आणि वितळलेलं पाणी निथळू द्या. कोकणातून धुळे-जळगाव म्हणजे रात्रभराहून मोठा प्रवास आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो. माझं स्पष्ट मत आहे की मार्च ते जूनमध्ये जिवंत शिंपल्या खान्देशात आणूच नयेत. तिथेच, ज्या खाडीतल्या आहेत तिच्या काठी, माहीतगार हातच्या खाव्यात.

कोळंबी इथे घेत असाल तर डोकं धडाला घट्ट आहे का, कवच चकचकीत आहे का ते पाहा. डोकं काळं पडलेलं, अंग मऊ, नाकाला झोंबणारा वास, यांतलं एकही दिसलं तर सोडून द्या. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत कोणी समुद्रातली ताजी कोळंबी म्हणून देऊ लागला, तर ती कुठून आली हे जरूर विचारा.

आपल्या नदी-नाल्यांतलं

साक्री-नवापूर पट्ट्यात पहिल्या पावसाला शेतातले खेकडे बाहेर पडतात आणि आवडीने खाल्ले जातात. गोड्या पाण्यातल्या शिंपल्या तापी-पांझरेच्या पात्रातही आहेत. नियम इथेही तोच. धुळे शहराच्या खालच्या अंगाला पांझरेत, किंवा कुठल्याही गावाचं गटार नदीला मिळतं त्याच्या खाली, शिंपल्या गोळा करू नका. आपला मुलूख कापसाचा. फवारणी झालेल्या शेताच्या नालीतला खेकडा मुलांना देऊ नका. गोड्या पाण्यातला खेकडा अर्धा कच्चा किंवा नुसता निखाऱ्यावर वरवर भाजलेला खाऊ नये. ईशान्य भारतात असे खेकडे खाऊन फुप्फुसात कृमी झालेले रुग्ण आढळतात; त्यांना महिनोन्‌महिने खोकला आणि थुंकीतून रक्त येतं आणि कधी कधी क्षय समजून उपचार होतात.

कोणी जपायचं

मधुमेही, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले, गरोदर बायका, लहान मुलं आणि वृद्ध यांना कालवं-शिंपल्या फक्त पूर्ण शिजवलेल्या द्या आणि शंका असेल तर देऊच नका. माझ्या मामांच्या ताटात तो रस्सा वाढला गेला, तेव्हा हे सांगणारं त्या घरात कोणी नव्हतं.

काहींना कोळंबी-खेकड्याचं वावडं असतं. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो. हे वावडं शिजवून किंवा वाळवून जात नाही. ज्याला ताजी कोळंबी सोसत नाही, त्याला भाकरीबरोबरचे झिंगेही त्रास देऊ शकतात. श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

बाकीच्यांनी मात्र झिंगे, जवळा, सोडे बिनधास्त खावेत. समुद्रापासून एवढ्या लांबच्या माणसांसाठी वाळवणं ही जुन्या लोकांनी काढलेली शहाणी सोय आहे. कोरडे, खुटखुटीत, बुरशी नसलेले घ्या. आधी तव्यावर भाजा, मग वाळू जाईपर्यंत धुवा. दमट वास येणारे घेऊ नका.

आणि एवढं करूनही कुणाला त्रास झालाच, तर डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: काय खाल्लं, ते कुठून आलं होतं आणि खाऊन किती वेळ झाला. ‘अ’ प्रकारची कावीळ खाल्ल्यानंतर पंधरा ते पन्नास दिवसांनीही उमटते, तेव्हा महिन्यापूर्वीची कोकणची सहलसुद्धा सांगायला विसरू नका. उरलेलं कालवण लगेच फेकू नका, झाकून बाजूला ठेवा. तपासायला लागू शकतं. कोकणात खा, आवडीने खा. फक्त विकणाऱ्या बाईशी दोन मिनिटं बोला. कुठल्या खाडीतलं, कधी काढलं, तुमच्या घरी आज हेच शिजणार का, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नाला ती हसून हो म्हणाली, तर घ्या. ती अडखळली, तर रिकाम्या हाताने परत या आणि घरी झिंग्याची भाजी करा.