धून माझी की ऐकलेली?

प्रश्न : मी व्हिडिओ गेमसाठी संगीत करतो. हल्ली प्रत्येक धून आधी कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते. माझ्याकडे नवं काही उरलंच नाही का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तसं मुळीच नाही. प्रभाव म्हणजे चोरी नव्हे. १९८६च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’साठी संगीतकार कोजी कोंडो राव्हेलची ‘बोलेरो’ ही रचना वापरणार होते. तिचा स्वामित्वहक्क संपलेला नव्हता, म्हणून ऐनवेळी त्यांनी स्वतःची धून रचली आणि तीच त्या गेमची ओळख झाली! राग, ताल कुणाच्या मालकीचे नसतात. ओळखू येणारी सुरावट मात्र असू शकते. म्हणून नवी धून रचताना निर्मात्याने नमुना म्हणून दिलेलं संगीत बंद ठेवा, आवाजाविना गेम खेळा, आधी गुणगुणा, वाद्यं तीन-चारच घ्या. शंका राहिलीच तर एखाद्या जाणकाराला ऐकवा. साम्य निघालं, तर काम सोपवण्याआधीच सुरावट बदला.