साडी परत घ्यायला शीक

चि. सोनूस,


साडी पोचली, घेणाऱ्याची सही झाली, पैसे खात्यात आले. मग अडीच महिन्यांनी ते परत ओढून घेण्याचा अधिकार बँकेला दिला कुणी, असं तू रागानं विचारतेस. तो तूच दिला आहेस. पेमेंट गेटवेकडे खातं उघडताना जे लांबलचक करारपत्र न वाचता 'मान्य' केलं जातं, त्यात कार्ड कंपन्यांचे नियम पाळण्याची कबुली असते आणि चार्जबॅक, म्हणजे बँकेनं विक्रेत्याकडून पैसे असे परत घेणं, त्या नियमांतच बसतो. रोखीचा व्यवहार गल्ल्यात पैसे पडले की संपतो, कार्डाचा संपत नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या नियमांत बहुतेक तक्रारींसाठी ग्राहकाला १२० दिवस मिळतात, आणि माल पोचलाच नाही अशी तक्रार असेल तर हे दिवस माल पोचायला हवा होता त्या तारखेपासून धरतात. म्हणजे दिवाळीत विकलेल्या पैठणीचे पैसे शिमग्यापर्यंत पुरते तुझे नसतात. हे एकदा मनाशी धरलंस की राग निम्मा उतरेल, आणि उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते मी पुढे सांगतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की या भांडणात तुझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे तू साडी परत घ्यायला तयार होतीस, हे दाखवणारा कागद. औदार्य म्हणून मी हे सांगत नाही. दुकानदारीत औदार्य ज्याचं त्यानं ठरवावं. नियमच तसे घडले आहेत. अमेरिकेत १९७४ साली फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट आला. कार्डावर घेतलेल्या मालात खोट निघाली तर ग्राहकाला बँकेकडे दाद मागता येते, पण आधी त्यानं विक्रेत्याशी मिटवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केलेला असला पाहिजे, ही अट त्या कायद्यात आहे. त्याच वर्षी ब्रिटननं कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट केला आणि त्याच्या कलम ७५नं ठरावीक किमतीच्या खरेदीत विक्रेत्याबरोबर पतपुरवठा करणाऱ्यालाही जबाबदार धरलं. पुढे कार्ड कंपन्यांनी हीच दृष्टी आपल्या नियमांत आणली. व्हिसाच्या नियमांत 'वर्णनाप्रमाणे माल नाही' अशी तक्रार करायची तर ग्राहकानं वस्तू परत केलेली असावी लागते, निदान परत करायचा प्रयत्न केलेला असावा लागतो. आता हे वाक्य तुझ्या बाजूनं वाच. ग्राहकानं तीन मेसेज टाकले आणि तू एकालाही उत्तर दिलं नाहीस, किंवा 'नो रिटर्न नो एक्स्चेंज' एवढंच लिहून फोन बाजूला ठेवलास, तर त्या तीन मेसेजांचे स्क्रीनशॉट हाच त्याचा प्रयत्न ठरतो. त्याचा पुरावा तू स्वतः तयार करून दिलास. उलट 'साडी या पत्त्यावर पाठवा, पोचल्यावर तपासून इतक्या दिवसांत पैसे मूळ कार्डावर जमा करते' असं तू लिहिलं असशील आणि तरीही त्यानं साडी न पाठवता बँक गाठली असेल, तर त्याच्या तक्रारीचा पायाच ढासळतो.

यावर तुझं पहिलं उत्तर मला दिसतंच आहे. ग्राहकानं स्वतः ओटीपी टाकला, मग नंतर त्याला मागे कसं फिरता येतं? ओटीपीनं तुझं रक्षण होतं, पण एकाच अंगानं. १ ऑगस्ट २००९ पासून आपल्याकडे ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची झाली. त्यामुळे 'ही खरेदी मी केलीच नाही' या प्रकारच्या वादाचा भार सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकातली, तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला तोशीस न लावण्याची तरतूदही अशा अनधिकृत व्यवहारांपुरती आहे. पण पैसे कुणी दिले एवढंच ओटीपी सांगतो. खोक्यात काय निघालं, हे तो सांगत नाही. शिवाय परदेशात दिलेल्या कार्डांना ही सक्ती लागू नाही. न्यू जर्सीतून किंवा लंडनहून लग्नासाठी साडी मागवणारी मराठी घरं तुझी चांगली गिऱ्हाईकं आहेत, आणि नेमक्या त्याच विक्रीत हे कवच पातळ असतं. अशा ऑर्डरी नाकारू नकोस. मात्र मोठ्या रकमेच्या ऑर्डरीत कार्डधारकाचं नाव आणि पाठवायचा पत्ता जुळतो का ते बघ, आणि जुळत नसेल तर माल बाहेर काढण्याआधी ई-मेलवर विचारून उत्तर जपून ठेव.

खरा वाद होतो तो वर्णनावरून, आणि तुझ्या मालात तो जरा जास्तच होणार. पैठणीचं रेशीम पुष्कळदा धूप-छाव असतं. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे उजेड बदलला की जांभळी साडी मरून दिसते. स्टुडिओच्या दिव्याखाली काढलेल्या एकाच फोटोवर ती विकलीस तर 'रंग वेगळा आला' ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. दिवसाच्या उजेडातला एक, घरातल्या दिव्याखालचा एक आणि घडी उलगडून मागच्या बाजूचा एक, असे फोटो लाव. मागची बाजू दाखवणं फार महत्त्वाचं आहे. हातमागाच्या पैठणीत पदरावरची नक्षी दोन्ही अंगांनी जवळपास सारखी दिसते आणि मागे सुटे धागे लोंबत नाहीत. यंत्रमागाच्या किंवा सेमी-पैठणीत ते दिसतात. दोन्ही विकायला काहीच हरकत नाही, सेमीला सेमी म्हटलं म्हणजे झालं. 'पैठणी' एवढाच शब्द लिहून किंमत मधली कुठली तरी लावायची आणि गिऱ्हाईकाला हवं ते समजू द्यायचं, ही बाजारातली जुनी खोड आहे. समोरासमोरच्या दुकानात ती खपून जाते, कारण गिऱ्हाईक पदर हातात घेऊन बघतं. ऑनलाइन तीच खोड 'वर्णनाप्रमाणे नाही' या रकान्यात जाऊन बसते. माग कुठला, जर कोणती, लांबी किती, ब्लाउजपीस त्यात धरला आहे की वेगळा, सिल्क मार्कचं लेबल आहे की नाही, हे सगळं लिही. हातमागावर एखादी गाठ किंवा बाण्यातला किंचित फरक येतो, हेही विक्रीआधी लिही. तक्रार आल्यावर लिहिलंस तर ती सबब वाटते.

'परत घेणार नाही' ही पाटी कायद्यातही फार टिकत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष असेल, जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळत नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशीर आपत्तीमुळे झाला असेल तर गोष्ट वेगळी. 'आवडली नाही' या कारणासाठी मात्र आपल्याकडे ग्राहकाला असा सरसकट हक्क नाही. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदीवर १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते, इथे ते तुझ्या धोरणावर आहे. तेव्हा धोरणात या दोन गोष्टी वेगळ्या कर. चूक तुझी असेल तर जाण्यायेण्याचा खर्च तुझा. मन बदललं असेल तर परतीचं कुरिअर त्यांचं, टॅग शाबूत हवा आणि फॉल-पिको केलेली साडी परत नाही.

आता तुझा सर्वांत रास्त आक्षेप. परतीची वाट इतकी मोकळी ठेवली तर लग्नात नेसून साडी परत करणारे वाढतील, किंवा पैठणी ठेवून घेऊन खोक्यात जुनं पातळ घालून पाठवणारे. असे लोक आहेत, आणि ते कमी होतील असं मी सांगणार नाही. पण लबाडाला तुझ्या सोप्या परतीची गरज नसते. तू वाट बंद केलीस तरी त्याच्यापुढे बँकेचा दरवाजा उघडाच असतो. वाट बंद केल्यानं अडतो तो खरोखर नाराज झालेला, एरवी सरळ असलेला माणूस, आणि तो अडला की तोही बँकेकडेच जातो. हिशेब करून बघ. परतीत तुझा दोन वेळचा कुरिअरखर्च जातो, थोडा वेळ जातो, पण साडी परत येते आणि पुन्हा विकता येते. चार्जबॅक हरलीस तर पैसे जातात, साडी तिकडेच राहण्याची भीती असते, आणि काही गेटवे वर शुल्कही लावतात. आणखी एक गोष्ट विक्रेत्यांच्या फारशी ध्यानात येत नाही. कार्ड कंपन्या वादांचं प्रमाण मोजतात तेव्हा पुढे तू जिंकलेला वादही त्यात धरलेला असतो. प्रमाण वाढलं तर गेटवे पैसे अडवून ठेवू शकतो, खातंही बंद करू शकतो. म्हणून जिंकण्यापेक्षा वाद न होणं जास्त मोलाचं.

तरी लढायची वेळ येईलच, आणि तेव्हा मात्र कच खाऊ नकोस. लबाडीशी लढण्याची तयारी पॅकिंगच्या टेबलावर होते. टॅग, घडी, ऑर्डरचा नंबर, कुरिअरचं लेबल आणि खोकं बंद होणं हे एकाच अखंड व्हिडिओत येऊ दे, आणि परत आलेलं खोकंही कॅमेऱ्यासमोरच उघड. कुरिअरच्या नोंदीत जाताना आणि येताना वजन लिहिलेलं असतं. साडी बदलली असेल तर ते आकडे तुझ्या बाजूनं बोलतात. अ‍ॅमेझॉन किंवा फ्लिपकार्टवरच्या विक्रीत हा व्हिडिओ उपयोगी पडतो, कारण तिथे कार्डाचा वाद प्लॅटफॉर्मकडे जातो आणि तुझ्या वाट्याला येतो तो परतीचा दावा: अ‍ॅमेझॉनवर सेफ-टी क्लेम, फ्लिपकार्टवर एसपीएफ (सेलर प्रोटेक्शन फंड). प्लॅटफॉर्म ग्राहकाचीच बाजू घेतात, ही तक्रार बऱ्याच अंशी खरी आहे. त्यांना गिऱ्हाईक टिकवायचं असतं आणि विक्रेते रांगेत उभेच असतात. पण म्हणूनच मुदत उलटून गेलेला दावा त्यांच्यासाठी सगळ्यात सोयीचा. मुदती बदलत राहतात, पॅनलवर बघत जा.

तुझ्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या विक्रीत गोष्ट वेगळी. तिथे उत्तर गेटवेमार्फत बँकेकडे जातं, हातात मोजके दिवस असतात, आणि तिथला माणूस व्हिडिओच्या लिंका उघडत बसत नाही. त्याला दोन-तीन पानांची पीडीएफ हवी: बिल, विक्रीच्या दिवशी पानावर असलेलं वर्णन, पोचपावती, आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार तारखांसह. तक्रारीचं कारण 'माल मिळाला नाही' असं असेल तर पोचल्याचाच पुरावा दे. साडी किती उत्तम होती याचं वर्णन तिथे फुकट जातं. ग्राहकाच्या लबाडीबद्दल विशेषणं वापरू नकोस. इन्स्टाग्रामवर त्याचं नाव-पत्ता टाकायचा विचारही मनात आणू नकोस. उद्या तक्रारदार तू राहणार नाहीस, तो होईल. आणि चार्जबॅक एकदा दाखल झाला की दया येऊन किंवा घाबरून त्याला यूपीआयनं वेगळे पैसे पाठवू नकोस. बँकही पैसे काढते, तूही देतेस, आणि एकाच साडीसाठी दोनदा भुर्दंड बसतो. रिफंड नेहमी मूळ कार्डावरच कर, म्हणजे त्याचा संदर्भ क्रमांक पुढे दाखवता येतो. साडी परत आली की जीएसटीची क्रेडिट नोट वेळेत काढ. वर्षाअखेरीस शोधाशोध करताना सीएकडून ऐकून घ्यावं लागतं.

कागद नसतील तिथे हट्टानं लढू नकोस, मान्य करून मोकळी हो. पुढच्या हंगामाआधी मात्र एक काम कर. विक्रीला लावलेल्या प्रत्येक साडीचं वर्णन परक्या गिऱ्हाईकाच्या नजरेनं पुन्हा वाच आणि नव्यानं लिही. ज्या साडीचा रंग किंवा पोत फोटोत आणि शब्दांत नीट पकडता येत नाही, ती ऑनलाइन विकू नकोस. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाईकासाठी ठेव.

तुझा,
मामा