घोड्यासाठी जुनी गाडी घेताना

मेकॅनिकलला अ‍ॅडमिशन मिळाली की गावात आपली एक मानद पोस्ट आपोआप तयार होते. कुणाचा विहिरीवरचा पंप बंद, कुणाचा मिक्सर जळाला, कुणाला जुनी बाईक घ्यायचीय... "मेकॅनिकलला आहेस ना, मग चल बघायला!" थर्ड इयरपर्यंत आपण चालू गाडीचा गिअरबॉक्स स्वतःच्या हाताने उघडलेला नसतो ही गोष्ट वेगळी. माझं गाव रेवदंडा. तिथे हा प्रश्न जरा वेगळ्या रूपात येतो. घोडा न्यायला गाडी घ्यायचीय, मालकाकडूनच परस्पर मिळतेय, तेवढी बघून दे.

होस्टेलवर हे सांगितलं की पोरं हसतात. पण अलिबागपासून काशीदपर्यंत घोडा हा कित्येक घरांचा पोटापाण्याचा धंदा आहे. किनाऱ्यावरच्या फेऱ्या, ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत जाणाऱ्या घोडागाड्या, लग्नसराईत नवरदेवाची घोडी. सुपारी आली की घोडी आज रोह्याला, परवा पेणला. शिवाय नवा घोडा घ्यायचा तर दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या बाजारात जायचं आणि तिथून अख्खा महाराष्ट्र आडवा कापत कोकणात उतरायचं. रेसकोर्सवाल्यांकडे घोड्यांसाठी खास बांधलेल्या बंद गाड्या असतात. आपल्याकडे पिकअप नाहीतर ४०७ घ्यायची, हौद्याला उंच पाइप वेल्ड करायचे, खाली रबरी मॅट टाकायची, झाली घोड्याची गाडी! तीच गाडी दोन-चार हंगामांनी दुसऱ्याला विकायची. हा व्यवहार शोरूममध्ये होत नाही, चहाच्या टपरीवर होतो.

रेवदंडा-चौलला घोड्याची ने-आण नवीन नाही. अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास होर्मुझहून गलबतातून चौलला उतरला तो एक घोडा बरोबर घेऊनच. (त्याचं स्मारक आमच्या रेवदंड्यात आहे.) घोडा जुन्नरपर्यंत धडधाकट पोचला, पण त्यापायी १०० रूबल गेले, असं त्याने लिहून ठेवलंय. वाहतूक जमली, मालकी मात्र अडली. जुन्नरच्या खानाने घोडाच जप्त केला. तो मध्यस्थी करून सोडवावा लागला आणि शेवटी बीदरला विकला गेला. म्हणजे जनावर शाबूत पोचणं हा एक प्रश्न आणि ते कुणाचं हे सिद्ध करणं हा दुसरा. आपल्या पिकअपलाही हेच दोन प्रश्न लागू आहेत, फक्त खानाच्या जागी आरटीओ आणि इन्शुरन्स कंपनी आहे.

आता मुद्द्याचं. जुनी गाडी बघायला गेलं की सगळे पहिल्यांदा बॉनेट उघडतात. विकणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून इंजिन धुऊनपुसून लख्ख ठेवलेलं असतं. पण घोड्यासाठी गाडी घेताना इंजिन शेवटी बघा असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन वाटेत बंद पडलं तर टोचन करून आणता येतं. हौद्याचा पत्रा फाटून घोड्याचा पाय खाली गेला तर काय करणार? मोडलेल्या पायाचा घोडा बहुतेक वेळा वाचत नाही. आणि त्याच्याबरोबर त्या घराचा अख्खा हंगाम जातो.

पत्रा फाटेल कसा, टनभर माल तर आरामात जातो, असं विकणारा म्हणतो. इथे आपली एसओएम कामाला येते. ५० किलोची तांदळाची गोणी आडवी टाकली की साधारण ५० बाय ८० सेंमी जागेवर बसते, म्हणजे ४००० चौ. सेंमी. दर चौ. सेंमीला भार आला सव्वाशे ग्रॅमचा दहावा हिस्सा, साडेबारा ग्रॅम. आता ४०० किलोचा घोडा घ्या. उभा असताना त्याचं जवळजवळ ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, म्हणजे एका खुरावर १२० किलो. पण चढताना, घसरताना, बिचकून उसळताना क्षणभर जवळजवळ सगळं वजन एकाच पायावर येतं. नाल पूर्ण टेकत नाही, कडेनेच टेकते. ती जागा ५० चौ. सेंमी धरा. झाले चौ. सेंमीला ८ किलो. गोणीच्या ६४० पट! तोही स्थिर भार नाही, आपटणारा. टनभर तांदूळ नेणारी गाडी एक घोडा पेलेलच असं नाही, ते यामुळे.

त्यात आपला समुद्रकिनारा. रेवदंड्याला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी, हवेतच मीठ. आणि या भागातली जुनी पिकअप असेल तर तिने आधी मासळी वाहिलेली असण्याची शक्यता भरपूर. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी हौद्याच्या सांध्यात वर्षानुवर्षं मुरतं. पुढे तीच गाडी घोड्याला लावली की वर रबरी मॅट येते. मॅटखाली ओल अडकते, घोड्याच्या मुताची भर पडते (युरियाचा अमोनिया होतो, केमिस्ट्री आठवा), आणि पत्रा वरून रंगवलेला, आतून खाल्लेला. सगळ्यात आधी जातो तो पत्रा आणि खालची आडवी चॅनेल जिथे वेल्ड केलेली असतात तो सांधा, कारण तिथली फट कधी वाळत नाही.

मागच्या मे महिन्यात शेजारच्या काकांबरोबर एक पिकअप बघायला गेलो होतो. मालक चांगला बोलका. "इंजिन एक नंबर, टायर नवे, रंग आत्ताच मारलाय." मी म्हटलं, मॅट काढू या. "कशाला, चिकटवलीये ती." काकांनी शांतपणे सांगितलं, "काढूया हो, आम्हीच परत चिकटवून देऊ." मॅट काढली. खाली चकचकीत रंग. बरोबर नेलेली छोटी हातोडी घेऊन इंचाइंचाने ठोकत गेलो. ठण्, ठण्, ठण्... आणि मागच्या चाकाच्या कमानीजवळ बद्. तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून जरा जोर दिला, तर आरपार. रंगाखाली पुट्टी होती आणि पुट्टीखाली काहीच नव्हतं. काकांनी चहा घेतला, आभार मानले आणि आम्ही निघालो.

तेव्हा बरोबर न्यायच्या वस्तू इतक्याच: हातोडी, स्क्रूड्रायव्हर, बॅटरी, टेप आणि अंगावर जुने कपडे, कारण गाडीखाली झोपावं लागणार आहे. खालून आडवी चॅनेल, चेसिसचे दोन्ही लांब दांडे, पाट्यांचे हँगर बघा. गंजाचा नुसता तांबूस थर असेल तर घाबरू नका, खरवडून रंगवता येतो. पापुद्रे सुटत असतील तर सोडून द्या. एखाद्याच ठिकाणी ताजा काळा रंग दिसला तर तिथे जास्त वेळ ठोका. लाकडी फळ्यांचा तळ असेल तर फळीच्या टोकांशी स्क्रूड्रायव्हर रुतवून बघा, कुजायला सुरुवात तिथून होते. सायलेन्सर कुठे फुटलाय का तेही खालूनच कळतं; भोकातून धूर हौद्यात गेला तर ताडपत्री टाकलेल्या गाडीत घोडा गुदमरतो.

मग टेप काढा. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत. त्यात घोड्यांसाठी बाजूंना पॅडिंग, दोन जनावरांच्या मध्ये किमान ८ सेंमी व्यासाचा बांबू, मागे दोन दणकट आडवे दांडे आणि ताशी ३५ किमीची वेगमर्यादा दिलीय. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ मध्ये भर पडली, ती १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार पक्के कप्पे हवेत, एका घोड्याला २.२५ चौ. मीटर जागा हवी, आणि त्या गाडीतून दुसरा माल न्यायचा नाही. आता आठ फूट बाय साडेपाच फूट हौद्याचा हिशोब करा: ४४ चौ. फूट, म्हणजे सुमारे ४.१ चौ. मीटर. "दोन घोडे आरामात जातात" असं मालक सांगतो तेव्हा कायद्याने त्यात एकच बसतो. किंमत ठरवताना हे फार उपयोगी पडतं बरं का!

३५ ची मर्यादा अनेकांना विनोद वाटते. २५ मीटर त्रिज्येचं वळण घ्या, चौल-नागावच्या वाड्यांमधून जाताना तशी भरपूर लागतात. ३५ च्या वेगाने ४०० किलोच्या घोड्याला बाजूला ढकलणारा जोर येतो साधारण १५० किलोचा. ५० च्या वेगाने तोच ३०० च्या वर. घोडा पाय फाकवून तोल सांभाळतो, त्याला हाताने धरायला काही नाही. म्हणून कप्पा इतका अरुंदही नको की पायच फाकवता येणार नाहीत. छातीसमोरच्या दांड्याला लाथ मारून, लटकून बघा. वेल्डिंगला चीर असेल तर तिथेच करकरतं.

मागचा फाळका उतरंडीसारखा वापरत असतील तर त्याची लांबी मोजा. हौदा जमिनीपासून ८५ सेंमीवर असेल आणि फळी दीड मीटरची, तर चढ ३४ अंशांचा होतो. घोडा अडणार किंवा उडी मारणार. अडीच मीटरच्या फळीला तोच २० अंशांवर येतो. आमच्याकडे जाणते लोक गाडी मागे घेऊन बांधाला टेकवतात, फळीची भानगडच नाही. पण वराती बांध बघून ठरत नाहीत.

चालवून बघायची तर मोकळी बघू नका. वाळूच्या आठ-दहा गोण्या टाका. पाटे बसलेत का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे वजनाशिवाय समजत नाही.

कागद. मालाच्या विक्रीचा १९३० चा कायदा ढोबळमानाने सांगतो की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं. खाजगी विक्रेत्याची गॅरंटी बिरंटी काही नसते. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या. नंबराभोवती ग्राइंडरच्या खुणा दिसल्या तर गाडी सोडा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय विसार देऊ नका. पासिंग कधीपर्यंत आहे ते बघा. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की ते दरवर्षी लागतं. थकलेली ई-चलनं नंबर टाकून ऑनलाइन दिसतात. हौदा बदललेला असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी. जनावरं वाहायची तर आरटीओची वेगळी परवानगी लागते, ती पेणला जाऊन आधीच विचारून घ्या.

फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन "नंतर करू ट्रान्स्फर" हा प्रकार तर सर्रास चालतो. यात विकणाराही मरतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी हातोहात अनेकांना विकली गेली होती. तरी अपघाताची भरपाई आरसीवर नाव असलेल्या पहिल्या मालकावर आली, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. इन्शुरन्स नावावर करायलाही १४ दिवस. हे सगळं विकणाऱ्याला नीट समजावून सांगितलं की तो स्वतःच पेणला यायला तयार होतो, असा माझा अनुभव आहे. उरलेले पैसे तिथेच, सह्या झाल्यावर, बँकेतून.

गाडी घरी आली की पहिल्यांदा मॅट बाहेर काढून हौदा जंतुनाशकाने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. आधीच्या घोड्याला काय होतं आपल्याला माहीत नसतं, आणि ग्लँडर्ससारखा रोग घोड्याकडून माणसालाही होतो. मग बंद गाडीतच घोड्याला चढवा, हरभरे खाऊ घाला, उतरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इंजिन तिसऱ्या दिवशी सुरू करा, तेही जागच्या जागी.