मोडींत निघालेलीं भांडीं व त्यांचा जीर्णोद्धार

भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची ख्याति आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. शहापूर व आसपासच्या खेड्यांतील वडील मंडळींनीं तेथील कासारांच्या दुकानांतून घागरी, पराती व समया आणल्या, आणि लेकींच्या लग्नांत त्या आंदण म्हणून दिल्या. पुढें घरोघर अॅल्युमिनियम व स्टील शिरलें. पितळ घासण्याचे श्रम नकोसे झाले. भांडीं माळ्यावर चढलीं. हल्लीं दिवाळीपूर्वीं घराची साफसफाई निघाली म्हणजे तीं माळ्यावरून उतरतात तीं थेट कबाड्याच्या तराजूंत. एकदां पारड्यांत पडलें कीं शंभर वर्षांची समई व काल फुटलेली पितळी तोटी ह्यांचा भाव एकच! धातूचें वजन तेवढें होतें. कारागिराच्या हाताचें कोणी करीत नाहीं.

परंतु ज्या तराजूवर वस्तु जाते, त्याच तराजूवरून ती परतहि घेतां येते, आणि तीहि मोडीच्या भावाहून थोडे पैसे अधिक देऊन. दिवाणखान्याच्या शोभेसाठीं शहरांतून जुन्या घाटाचीं नवीं भांडीं पुष्कळ पैसे मोजून आणणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. त्यांस जें हवें असतें तें येथें कबाड्याच्या ढिगांत उन्हांत पडलेलें असतें. तें शोधावें कसें व नीट करावें कसें, ह्याविषयीं आम्ही आमच्या विद्यार्थ्यांबरोबर जें शिकलों तें ह्या लेखांत सांगण्याचा विचार आहे. त्यांतील बरेंचसें आम्ही चुकून शिकलों, हें आरंभींच कबूल करितों.

गेल्या वर्षीं वरच्या वर्गांतील कांहीं मुलांनीं अशा एका ढिगांतून एक समई विकत आणली. बैठक काळीकुट्ट, दांडा वांकलेला, शेंड्यावरील मोराचा तुरा तुटलेला. मुलांचा उत्साह मोठा, आणि आमचा त्याहून मोठा. आम्हीं स्वतः बाजारांतून कांचकागद आणून दिला. दोन तासांत बैठक आरशासारखी चमकूं लागली. तेव्हां एका मुलीनें विचारलें, "सर, इथें कांहीं लिहिलेलें होतें का?" बैठक उजेडांत तिरपी धरून पाहिली. कांठाशीं ठिपक्यांचीं चार अक्षरें अंधुक दिसत होतीं. त्यांच्या आधीचीं व नंतरचीं आम्हीं घासून टाकलीं होतीं.

भांड्यावर नांव घालण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. कासार बारीक छिन्नीनें ठिपके ठोकून देणाऱ्याचें वा घेणाऱ्याचें नांव काढून देतो. कधीं गांव, कधीं सन, कधीं लग्नाची तिथीहि असते. आमची समई कोणी कोणास दिली होती, हें आतां कोणासच सांगतां यावयाचें नाहीं. तिच्या मालकाच्या घरीं ती काळी पडली होती खरी, पण तीं अक्षरें तेथें शाबूत होतीं. तीं घालविलीं आम्हींच, आणि तीं जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं.

तेव्हांपासून वस्तु हातीं येतांच घासावयास घ्यावयाची नाहीं, असा आम्हीं नियम केला आहे. आधीं ती कोमट पाणी व साधा साबण ह्यांनीं धुवावी, पुसून कोरडी करावी, आणि तिरप्या उजेडांत चहूंकडून वाचावी. अक्षर सांपडल्यास त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी करून हलकेंच फिरवावी. ठसा कागदावर उतरतो. कांचकागद मात्र धातूच्या वस्तूपासून दूर ठेवावा.

आतां निवड कशी करावी तें सांगतों. बाजारांत जातांना खिशांत एक लहानसा लोहचुंबक असावा. पितळेचा मुलामा दिलेली लोखंडी वस्तु त्यास चिकटते. पितळ, तांबें व कांसें चिकटत नाहीं. पितळ म्हणजे तांबें व जस्त ह्यांचें मिश्रण, कांसें म्हणजे तांबें व कथील ह्यांचें. कांशाचें भांडें बोटाच्या पेरानें वाजविलें तर नाद लांबत जातो, आणि त्यास चीर असली तर तोच बद्द येतो. पितळेस पोचा पडला असेल तर तो ठोकून काढतां येतो. कांसें ठिसूळ असल्यामुळें त्यावर तसा हात चालत नाहीं, म्हणून तडा गेलेलें कांशाचें ताट घ्यावयाचें तर केवळ शोभेसाठीं घ्यावें. डाग दिलेलें भांडें मात्र टाकाऊ समजूं नये. कोणाला तरी तें एकदां राखण्याजोगें वाटलें होतें, एवढें त्या डागावरून कळतें.

काळेपणा काढण्यास चिंच व मीठ पुरे. चिंचेंतील आम्ल धातूवरील ऑक्साइडचा थर विरघळवितें व मिठानें त्यास साह्य होतें. रसायनशास्त्राच्या तासाला आम्ही जें समीकरण मांडतों तें आमच्या आजीबाई फळ्यावांचून जाणत होत्या. तथापि पितळ आम्लांत रात्रभर भिजत ठेवूं नये. त्यांतील जस्त आधीं विरघळून जातें आणि वर तांबूस, गुलाबी छटा येते. मग ती घालविण्यास पुन्हां घासाघीस. दहा मिनिटें चोळावें, भरपूर पाण्यानें धुवावें व लगेच कोरडें पुसावें. आम्लाचा अंश राहिला तर थोड्याच दिवसांत हिरवट डाग उमटतात. नक्षीच्या खांचांतील काळेपणा तसाच राहूं द्यावा, कारण त्यामुळेंच नक्षी उठून दिसते. सर्वत्र सारखें चकचकीत केलेलें जुनें भांडें नव्यासारखें दिसतें. तसेंच हवें असेल तर नवेंच कां घेऊं नये?

शोभेच्या भांड्यास कल्हई लागत नाहीं. परंतु त्यांत ताक, आमटी असें आंबट ठेवावयाचें असेल तर कल्हई पाहिजेच. नाहींतर अन्न कळकतें व पोटास बाधतें. कल्हईवाला भाता चालवून भांडें तापवितो, आंत नवसागराची पूड टाकतो, आणि पांढऱ्या धुराचा लोट उठतांच कथील फिरवून कापसानें पसरतो. हा धूर म्हणजे कांहीं जादू नव्हे. नवसागर तापला म्हणजे त्यांतून अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड हे वायु निघतात, आणि दुसरा वायु धातूवरील ऑक्साइड काढून टाकतो. मग कथील स्वच्छ धातूस घट्ट धरतें. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतें, पितळ वितळावयास ९०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणून भांडें शाबूत राहतें. हें काम मुलांनीं घरीं करूं नये. जाणत्याकडूनच करून घ्यावें, आणि कथिलांत शिसें मिसळलेलें नाहीं ह्याची खात्री करून घ्यावी, कारण शिसें विष आहे.

लांकडी सामानाविषयीं थोडक्यांत. खुर्ची, पाट किंवा पेटी घेतांना बारीक भोकें पाहावीं. भोकांतून ताजी पांढरी पूड गळत असेल तर किडा जिवंत आहे, अशी वस्तु घरांत आणूं नये. जुना तेलरंग कोरडा खरवडूं नये, कारण पूर्वींच्या रंगांत शिसें घालीत असत व त्याची धूळ श्वासाबरोबर आंत जाते. चमक लाखेची आहे किंवा नाहीं हें पाहण्यास आडबाजूस स्पिरिटचा एक थेंब लावावा. जागा चिकट झाली तर लाखच. ही लाख पळस, कुसुम अशा झाडांवरील किड्यांची देणगी आहे, आणि तीं झाडें आमच्या जिल्ह्यांतील मुलांस दाखवावीं लागत नाहींत. जवसाचें तेल लावून उजळा देतां येतो. मात्र तेलाचे बोळे गुंडाळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तें तेल वाळतांना उष्णता उत्पन्न करतें आणि चुरगळलेलें फडकें आपोआप पेट घेऊं शकतें. फडकें उघडें पसरून वाळवावें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें पालक विचारतील. पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' ह्या नांवानें कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनीं जुन्या घरगुती वस्तु जमविण्यास आरंभ केला: दिवे, अडकित्ते, भांडीं, दरवाजे, वाद्यें. एकुलता एक मुलगा राजा लहानपणींच वारला. त्याचें नांव त्यांनीं ह्या संग्रहास दिलें. पुढें सारा संग्रह त्यांनीं राज्यसरकारच्या स्वाधीन केला. आज तेथें २०,००० हून अधिक वस्तु आहेत. पानसुपारीचा साधा अडकित्ता, पण त्याचे घाट पाहतांना तासभर पाय हालत नाहीं. त्यांतील किती तरी वस्तूंची वाट भट्टीकडेच होती. एका माणसानें ती अडविली.

दुसरें उदाहरण सातासमुद्रांपलीकडचें आहे. १९०२ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरीं एडगर हेल्म्स ह्या मेथडिस्ट पाळकांनीं सधन वस्तींतून जुने कपडे व सामान गोळा केलें, गरिबांस तें दुरुस्त करण्याच्या कामीं मजुरीवर लाविलें, आणि दुरुस्त माल स्वस्त विकला. त्यांतून गुडविल ही संस्था उभी राहिली. येथें आम्हांस वस्तूपेक्षां त्या मजुरीचें महत्त्व अधिक वाटतें. आमच्या समईचा दांडा ज्या वृद्ध कारागिरानें सरळ करून दिला, त्यानें पैसे घेतांना म्हटलें, "गुरुजी, नवीन घ्यायला समदे येतात, सरळ कराले कोणी आणत नाही." मोराचा तुरा त्यानें नवा बसविला नाहीं. तसा तुरा आतां आपल्या हातून होणार नाहीं, असें तो म्हणाला, आणि आम्हांस तें पटलें.

ती समई सध्यां शाळेच्या वाचनालयांत आहे, चार अक्षरांसकट. येत्या सुटींत विद्यार्थ्यांनीं आपल्या व शेजारच्या घरांतील भांडीं उतरवून त्यांवरील नांवें वर सांगितलेल्या रीतीनें कागदावर उतरावीं, व भांडें कोठून आलें हें आजीस विचारून खालीं लिहावें. कागद शाळा उघडतांच वर्गशिक्षकांकडे द्यावेत. त्यानंतर भांडें विकावयाचेंच असेल तर पालकांनीं खुशाल विकावें.