काळ्या जमिनीतल्या संत्राबागेची वर्षभराची कृती

आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) या भागातल्या संत्रा बागायतदाराला शेणखताचं महत्त्व कुणी सांगायला नको. खत तो टाकतोच. तरीही भर उत्पन्नात आलेली झाडं पिवळी पडतात, शेंडे वाळू लागतात, बुंध्यातून डिंक गळतो. माझ्या मते यात दोष बहुतेक वेळा खताचा नसून हवेचा असतो. काळी चिकण माती पावसात फुगते, तिच्यातल्या पोकळ्या मिटतात आणि पाणी साचून राहतं. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं बहुतांशी वरच्या फूट-दीड फुटातच असतात. ती गुदमरतात आणि फायटोप्थोरा बुरशीला आयतीच सापडतात. म्हणून आधी पाणी बाहेर काढायचं, मग मुळांना धक्का देणं थांबवायचं, मग जमीन झाकायची आणि त्यानंतर खताकडे वळायचं. हा क्रम उलटा केला की पैसा मातीत जातो आणि माती तशीच राहते.

सुरुवात एका एकरापासून करा. शेजारच्या काही ओळी नेहमीच्या पद्धतीनेच ठेवा, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल. रासायनिक खतही पहिल्याच वर्षी एकदम बंद करू नका. फळांनी लगडलेलं झाड उपाशी ठेवून माती सुधारत नाही.

एप्रिल-मे महिन्यात, नवं खत टाकण्याआधी, एका चांगल्या आणि एका खंगलेल्या झाडाच्या घेराच्या कडेला तीन-तीन फूट खोल खड्डा घ्या. मुळं पांढरी-पिवळसर आहेत की काळी पडून साल सुटते आहे, ते पाहा. पांढरे चुनखडीचे खडे कुठल्या खोलीवर लागतात, ते लिहून ठेवा. मातीचे नमुने ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सें.मी. असे वेगवेगळे घ्या. एकत्र कालवू नका. तपासणीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब यांच्यासोबत मुक्त चुना मागून घ्या. सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात हे आकडे दाखवून सल्ला घेता येतो. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर तिथे नवी संत्रा लावू नका. उभ्या बागेत अशा जमिनीत जस्त आणि लोह असूनही झाडाला मिळत नाही. जमिनीतून दिलेलं झिंक सल्फेट तिथेच अडकतं, म्हणून ते फवारणीतून द्यावं लागतं.

घरच्या घरी एक परीक्षा करा. वाळलेलं बोराएवढं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या पाण्यात अलगद सोडा. एक ढेकूळ बागेतलं घ्या, दुसरं धुऱ्यावरच्या न नांगरलेल्या गवताखालचं. बागेतलं काही मिनिटांत विरघळून पाणी गढूळ झालं आणि धुऱ्यावरचं टिकून राहिलं, तर तुमच्या मातीने काय गमावलं आहे ते समोरच दिसतं.

मे संपण्याआधी चर काढा. दर दोन ओळींनंतर, उताराच्या दिशेने, ३० सें.मी. खोल, तळाशी ३० सें.मी. आणि वर ४५ सें.मी. रुंद. चराचं तोंड बागेबाहेर नाल्यात किंवा शेततळ्यात निघालं पाहिजे. बागेच्या टोकाला बंद झालेला चर म्हणजे पाणी साठवायची आणखी एक जागा. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बागेत जा आणि पाणी कुठे थांबतं तिथे खुंट्या ठोका. चराची दुरुस्ती त्या खुंट्यांप्रमाणे करा.

पावसाआधी आणि पावसाळा संपल्यावर बुंध्याला तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करा. त्यात लोखंडी खिळा बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना घाला.

आता रोटाव्हेटर बागेबाहेर काढा. ही गोष्ट सगळ्यांत अवघड जाते, कारण स्वच्छ वखरलेली बाग ही आपल्याकडे मेहनतीची खूण मानली जाते. पण प्रत्येक फेरीत वरच्या थरातली मुळं तुटतात आणि त्या जखमांतून कूज शिरते. तण कापा, उपटू नका. गाजरगवत मात्र फुलावर येण्याआधी उपटून काढा.

मृगाचा पाऊस स्थिरावला की ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात बोरू पेरा. सलग क्षेत्राला एकरी २० ते २५ किलो बियाणं लागतं, पट्ट्यात त्या मानाने कमी. साधारण ४०–४५ दिवसांनी फूल दिसू लागताच कापा आणि झाडाच्या घेरात पसरा. बुंध्यापासून एक फूट जागा मोकळी ठेवा. त्यावर कुटार, गवत, गिरिपुष्पाचा पाला घाला.

पऱ्हाटी जाळू नका, पण बागेत कच्ची पसरूही नका. ती उधळीला बोलावते आणि बोंडांत गुलाबी बोंडअळी लपलेली असते. यंत्राने बारीक करून खड्ड्याऐवजी ढिगात घाला: पऱ्हाटी-तुराटीचा भुगा, त्यावर हिरवा पाला, त्यावर शेणकाला आणि मूठभर माती, असे थर चार-पाच फूट उंचीपर्यंत. ही रीत आपल्याला परकी नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला कापसाच्या काड्यांवरच काम करून ती १९३१ साली पुस्तकात मांडली आणि वर्ध्याच्या मगनवाडीत राहणारे गांधीजी १९३५ साली इंदूरला जाऊन ती पाहून आले. ढीग तापला पाहिजे. आत खुपसलेली लोखंडी सळई हातात धरवणार नाही इतकी गरम निघाली तर काम नीट चाललं आहे. पंधरवड्याने उलथा, ओल राखा. ढीग पूर्ण थंड झाल्यावर १०० किलो खतात १ किलो ट्रायकोडर्मा मिसळून सावलीत, ओल्या पोत्याखाली आठवडाभर ठेवा आणि मग घेरात द्या. बोर्डो आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी देऊ नका. तांबं बुरशी मारतं, आपली आणि परकी असा भेद करत नाही.

आंबिया बहाराच्या ताणाच्या वेळी मात्र आच्छादनवाले बागायतदार फसतात. डिसेंबरात पाणी तोडलं तरी आच्छादनाखाली ओल टिकते आणि झाडाला ताण बसतच नाही. म्हणून पाणी तोडतानाच घेरातलं आच्छादन दाताळ्याने ओढून ओळींमधल्या पट्ट्यात न्या. भारी जमिनीत ताणाला दीड ते दोन महिने लागू शकतात. दिवस मोजण्यापेक्षा पानं पाहा. ती निस्तेज होऊन साधारण पाव हिस्सा गळली की ताण पुरे. पहिलं पाणी हलकं द्या, त्यासोबत खत द्या आणि आच्छादन परत घेरात ओढा. ठिबकच्या नळ्या बुंध्यापासून दूर, घेराच्या कडेला गोल फिरवा.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याच झाडांजवळ, पण नव्या जागी, खड्डा घ्या. पेल्याची परीक्षा पुन्हा करा, गांडुळं मोजा, शेजारच्या जुन्या पद्धतीच्या ओळींतही तेच करा. सेंद्रिय कर्बाचा आकडा एका वर्षात फारसा हलणार नाही. आमच्या उन्हात तो जळतोही लवकर. पांढरी मुळं मात्र आधी वाढलेली दिसतात. ती दिसली तर दुसरा एकर घ्या. न दिसल्यास आधी चर तपासा, खत वाढवू नका.