भातावरील खोडकिडा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा निर्वाह भातावरच चालतो, म्हणून ह्या शत्रूची ओळख करून देतो. फुटव्याची मधली सुरळी वाळते व ओढिली असता सहज हाती येते. पुढे काही लोंब्या पांढऱ्या व पोकळ निघतात. त्यांस कोकणात पळींज म्हणतात. हे काम कोणाच्या दृष्टीचे नव्हे, अळीचे होय.

हिच्या पतंगाची मादी पिवळसर असून तिच्या पुढल्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो. ती पानाच्या शेंड्याजवळ पुंजक्याने अंडी घालून केसांनी झाकिते. अळी एकदा खोडात शिरली म्हणजे तिला गाठणे कठीण. यास्तव लावणीपूर्वी रोपांचे शेंडे खुडून नष्ट करावे. मात्र रोपांस कडा करपा असेल तर खुडू नये, कारण जखमेतून तो रोग पसरतो. कापणी जमिनीलगत करावी व धसकटे लागलीच नांगरून काढावी, कारण अळी त्यांतच दडून राहते. एकट्याने हे केल्यास शेजारच्या शेतातून पतंग येणारच. सबंध शिवाराने मिळून करावे.

वाळलेले फुटवे शंभरांत पाचांहून कमी असता फवारणी करू नये, असे आमचे मत आहे. औषधाने कोळी, चतुर व अंड्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही मरतात, आणि हे तर आपले बिनपगारी राखणदार! इंडोनेशियात फवारणीमुळे भातावरील तपकिरी तुडतुडे उलट वाढले, तेव्हा १९८६ साली तेथील सरकारने ५७ कीटकनाशके भातावर वापरण्यास मनाई केली.