नुसत्या पंजावरून स्त्री की पुरुष?

प्रश्न : रेल्वे अपघातात किंवा स्फोटात कधीकधी मृताचा फक्त हात सापडतो. तो स्त्रीचा की पुरुषाचा, हे डॉक्टर मोजमापावरून सांगू शकतात का?
– एक वाचक, कराड

उत्तर : सांगू शकतात, पण छातीठोकपणे नाही. न्यायवैद्यक तज्ज्ञ मुख्यतः दोन मापं घेतात : मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी आणि अंगठा सोडून तळव्याची रुंदी. मुलगे मुलींपेक्षा उशिरा वयात येतात, त्यामुळे त्यांची हाडं अधिक काळ वाढतात आणि पुरुषाचा पंजा सरासरीने मोठा भरतो. दोन्ही सरासरींच्या मधोमध सीमा आखली जाते. समजा, स्त्रियांची सरासरी रुंदी ७.४ सेंटिमीटर आणि पुरुषांची ८.४ आली, तर सीमा ७.९.

खरी पंचाईत या सीमेच्या आसपास होते. थोराड बाईचा पंजा सहज पुरुषात मोजला जातो आणि लहान चणीचा पुरुष स्त्रियांत जातो. वयात न आलेल्या मुलांना तर ही पद्धत लागूच पडत नाही. पाण्यात राहिलेला हात फुगतो, जळालेला आक्रसतो. रुंदीला लांबीने भागून येणारं गुणोत्तर फारसं कामाचं नाही, कारण पंजाची ठेवण दोघांत जवळपास सारखी असते. फरक आकारमानाचा असतो.

सीमाही सगळीकडे एक नसते. मंगळूरच्या तनुज कांचन आणि प्रतीक रस्तोगी यांनी २००९ साली उत्तर व दक्षिण भारतीयांच्या हातांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. असे आपल्याकडचे अभ्यास फार मोलाचे आहेत. युरोपातल्या धिप्पाड लोकांवरून काढलेलं सूत्र इथे जसंच्या तसं वापरलं, तर आपले कित्येक पुरुष स्त्रिया ठरतील.

मग मापं घ्यायची कशाला? बेपत्ता लोकांच्या यादीत आधी कोणाच्या घरी विचारायचं, हे त्यांवरून चटकन ठरतं. त्यापुढे मात्र दुसरा पुरावा हवाच. १९३५ साली स्कॉटलंडमध्ये मॉफॅटजवळ दोन मृतदेहांचे तुकडे सापडले. सुरुवातीला एक पुरुष आणि एक स्त्री असा समज झाला. प्रत्यक्षात दोघीही स्त्रिया निघाल्या. एकीची ओळख हातांनीच पटवली, पण बोटांच्या ठशांवरून : तिचे ठसे मुंबईत शिकलेल्या डॉ. बक रक्स्टनच्या घरातल्या ठशांशी जुळले. या प्रकरणी खुनाबद्दल त्याला १९३६ मध्ये फाशी झाली.

आज हाताचा थोडासा ऊतीचा तुकडाही डीएनए चाचणीला पुरतो. त्यात अमेलोजेनिन हे जनुक पाहतात. एक्स आणि वाय गुणसूत्रांवरच्या त्याच्या प्रतींच्या लांबीत फरक असतो. काही मोजक्या भारतीय पुरुषांत वायवरचा तो भागच नसतो आणि चाचणी त्यांना स्त्री ठरवते. म्हणून जाणती प्रयोगशाळा वाय गुणसूत्रावरच्या इतर खुणाही तपासते.